नाकात नळी घातली, म्हणजे आशा सोडली का?

"मॅडम, बाबाले नळी घातली. डॉक्टरनं आशा सोडली का?" काटोलकडचा तो मुलगा आयसीयूच्या दाराशी मला विचारत होता. आतड्याला छिद्र पडल्यानं वडिलांचं तातडीनं ऑपरेशन झालं होतं, ते व्हेंटिलेटरवर होते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) नागपुरात पेशंटच्या आहाराचं समुपदेशन करताना हा प्रश्न मला सतत भेटतो.

उलट आहे, मी म्हटलं. बरं व्हायला ताकद लागते, म्हणून नाकातून पोटात जाणारी ही आहाराची नळी. श्वासाची नळी तोंडात असताना गिळता येत नाही, आणि उपाशी शरीर स्वतःचेच स्नायू खातं. श्वासाचे स्नायूही त्यात झिजतात, मग व्हेंटिलेटर सुटायला उशीर होतो. म्हणून रक्तदाब सावरला की साधारण 24 ते 48 तासांत आहार सुरू करतात.

त्याची खरी भीती पुढे होती. "आतड्याले टाके हायेत. अन्नानं उसवले तर?"

ही भीती रास्तच आहे. म्हणून सर्जननं हो म्हटल्याशिवाय थेंबही जात नाही. एक्स-रेत नळीची जागा बघतात, मग पावडरीपासून केलेला पातळ आहार पंपानं ताशी 10-20 मिलीपासून सुरू करतात. पोट फुगतंय का, उलटी होते का, हे बघत बघत वाढवतात. आतडं रिकामं राहिलं तर त्याचं अस्तर कमजोर होतं, आणि टाके भरून यायलाही प्रथिनं लागतातच. आतडं चालतच नसेल, तर शिरेतून पोषण देतात.

तेवढ्यात आई डबा घेऊन आल्या. मुगाच्या वरणाचं गाळलेलं पाणी. "पावडर काहून देता? घरचं चांगलं नाही का?"

60 किलोच्या अशा पेशंटला दिवसाला निदान 72 ग्रॅम प्रथिनं आणि हळूहळू 1500 कॅलरीपर्यंत आहार लागतो. गाळलेल्या पाण्यात त्यातलं नावापुरतंच उतरतं, शिवाय बारीक नळी तुंबते आणि जंतूंचा धोका असतो. पण त्या माउलीला नुसतं नाही म्हणणं मला पटत नाही. डबा तुम्ही दोघं खा, म्हटलं, रात्रभर जागताय. आणि आत गेलात की पलंगाची डोक्याकडची बाजू उंच आहे ना, नाकावरची पट्टी सुटली नाही ना, एवढं बघा. वेगळं दिसलं तर सिस्टरला सांगा, स्वतः हात लावू नका.

"व्हेंटिलेटर निघाला की चमचाभर चहा देऊ?"

लगेच नाही. आधी गिळणं तपासतील. घोट श्वासनळीत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. तोंडानं पुरेसं जायला लागेपर्यंत नळी राहू द्या.