ट्रंकेवरची चादर काढ

प्रिय मावशी,
मी २८ वर्षांची. लग्नाला दीड वर्ष झालं. आम्ही बदलापूरला भाड्याच्या वन बीएचकेत राहतो. हॉल दहा बाय बारा. त्यात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, घरमालकाने कधीतरी मारलेला पिवळट रंग आणि सासूबाईंनी गावाहून पाठवलेली त्यांची लग्नातली लोखंडी ट्रंक. तिला कुलूप आहे आणि किल्ली त्यांच्याकडेच. दिसायला नको म्हणून मी तिच्यावर चादर टाकून ठेवते. गेल्या महिन्यात ऑफिसातली मैत्रीण पाच मिनिटं आली आणि सहज म्हणाली, “अगं, अजून शिफ्टिंग चाललंय का?” आम्हाला इथे येऊन चौदा महिने झालेत. ती गेल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन रडले. तेव्हापासून कुणाला घरी बोलवत नाही. पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस आहे आणि सगळ्याजणी घरी येऊ म्हणतायत. मी ४२,००० चा सोफासेट बघून ठेवलाय, बारा हप्त्यांत मिळतोय. नवरा नाही म्हणतो (लहानपणी हप्ते थकले म्हणून दुकानदार त्यांच्या घरातला फ्रिज उचलून घेऊन गेला होता, तेव्हापासून तो असाच आहे). बाजूला टाकलेले १२,००० आहेत. चार दिवस आम्ही नीट बोललेलो नाही. मी चुकतेय का? आणि १२,००० मध्ये घर घरासारखं दिसेल का?
— बदलापूरची एक वाचक

प्रिय पोरी,

आधी त्या रडण्याबद्दल. मैत्रिणीच्या मनात वाईट नसेलही. पण जिथे चौदा महिने आपण स्वयंपाक केला, तापात पडून राहिलो, लोकल चुकवून धापा टाकत परत आलो, त्या जागेला कुणी ‘अजून लागली नाही’ म्हटलं की ते लागतंच. आपलं घर देखणं असावं असं वाटणं ही काही हाव नव्हे. तिथे तू अजिबात चुकत नाहीयेस.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोठं वाक्य मात्र तू कंसात टाकलंस. एका लहान मुलाच्या डोळ्यांदेखत त्याच्या घरातला फ्रिज बाहेर गेला. आजूबाजूचे लोक दारात येऊन बघत असतील. आज तू ‘हप्ता’ म्हणतेस तेव्हा त्याला महिन्याचे ३,५०० ऐकू येत नाहीत, तो दिवस ऐकू येतो. तुला मैत्रिणीचं वाक्य बोचलं, त्याला तो फ्रिज बोचतोय. चारचौघांसमोर आपलं घर उघडं पडलं, हेच दोघांचं दुखणं आहे, आणि चार दिवस तुम्ही त्याच्याच दोन टोकांना बसून भांडताय. आज रात्री सोफ्याचा विषय काढू नकोस. त्या दिवशी नेमकं काय झालं होतं, एवढंच विचार आणि तो सांगेल ते मध्ये न बोलता ऐक. मग तू बाथरूममध्ये रडल्याचं सांग. मला वाटतं, ते त्याला अजून माहीतच नाही.

आता सोफा. मी तो घेऊ नको म्हणते, पण त्याचं कारण फक्त हप्ता नाही. एक खडू घे आणि हॉलच्या फरशीवर सोफासेट आख. तिघांचा सोफा साधारण सात फूट लांब, तीन फूट खोल. एकेकट्याच्या दोन खुर्च्या तीन बाय तीनच्या. झाले ३९ चौरस फूट. तुझा अख्खा हॉल १२० चा. एक दिवस त्या रेषांच्या बाहेरून चालून बघ, केर काढून बघ, चार जणींना जेवायला कुठे बसवशील ते बघ. शिवाय बदलापूरचा पाऊस तुला मी सांगायला नको. भिंतीला टेकलेल्या फोमच्या सोफ्याला जुलै-ऑगस्टात मागून बुरशी धरते आणि तो कुबट वास जाता जात नाही. आणि अकरा महिन्यांचा करार असलेल्या घरातून निघायची वेळ आली की जिन्याच्या वळणावर अडकतो तोही सोफाच.

मी लालबागच्या चाळीत वाढले. दहा बाय बाराची एकच खोली, त्यात आम्ही सहा जण. सोफा आम्ही कधी पाहिला नाही, पण आमच्याकडे आलेला माणूस लवकर उठायचा नाही. आईच्या फळीवर पितळेचे डबे उंचीप्रमाणे ओळीने लावलेले असत आणि ती ते चिंच-मिठाने घासून असे लखलखीत ठेवायची की संध्याकाळी दिवा लागला की ती भिंत उजळायची. तुझ्यासारखीच एक ट्रंक आमच्याकडेही होती. आईने ती समोर मांडली, वर सोलापुरी चादरीची नीट घडी घातली, आणि पाहुण्यांना तिथेच बसवलं. तूही चादरच टाकलीस बघ. फक्त तू ती झाकायला टाकलीस.

म्हणून पहिल्या रविवारी काहीही विकत आणू नकोस. हॉल रिकामा करा, दोघांनी मिळून. घरात आल्यापासून न उघडलेले खोके, दारामागे लटकणाऱ्या पिशव्या, टीव्हीशेजारी साठलेली बिलं आणि औषधांच्या पट्ट्या, खिडकीत वाळणारे कपडे. पत्रात तू लिहिलं नाहीस, पण असं काहीतरी असणारच. तुझ्या मैत्रिणीला ‘शिफ्टिंग’ दिसलं असेल ते याच्यामुळे, सोफा नाही म्हणून नव्हे. सामानाला जागा नसली की ते जमिनीवर राहतं, आणि जमिनीवर खोके असले की कितीही महागाचं घर उपरं वाटतं. रिकाम्या हॉलमध्ये चटई टाकून दोघं चहा प्या. खोली किती मोठी आहे हे त्या दिवशी कळेल.

मग भिंत. चारही रंगवायचा हट्ट नको. दार उघडल्यावर जी समोर दिसते तेवढी एकच घे. घरमालकाला आधी मेसेज करून विचार आणि त्याचं ‘हो’ जपून ठेव. घर सोडताना अनामत रकमेच्या वेळी उपयोगी पडतं. रंग लावायच्या आधी भिंतीवर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लाव आणि दोन दिवसांनी काढ. आतल्या बाजूला, भिंतीकडून, दव धरलेलं दिसलं तर ओल आहे. मग त्या भिंतीवर एक रुपयाही घालू नकोस, रंग पापुद्रे होऊन पडेल, ते काम घरमालकाचं. भिंत कोरडी असेल तर हिशोब सोपा आहे. दहा बाय नऊची भिंत म्हणजे ९० चौरस फूट. दोन हात द्यायचे तर एका लिटर इमल्शनमध्ये साधारण ६० ते ७० चौरस फूट होतात. एकेक लिटरचे दोन डबे पुरून उरतील.

रंग म्हणशील तर गेरू. पांढराशुभ्र घेतलास तर त्याच्या शेजारी उरलेल्या तीन पिवळट भिंती मळकट दिसतील. गेरूशेजारी मात्र तोच पिवळट रंग उबदार वाटतो. आपल्याकडे हे जुनंच शहाणपण आहे. वारली घरांत सवाष्णी लग्नाचा चौक मांडतात तो गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, आणि त्या दोन रंगांवर अख्खी भिंत बोलते. त्या चित्राचं छापील स्टिकर मात्र चिकटवू नकोस, माझी कळकळीची विनंती आहे. हातात पैसे आले की महालक्ष्मी सरसच्या, म्हणजे बचत गटांच्या प्रदर्शनात किंवा डहाणू-जव्हारकडे गेलात तर चित्र काढणाऱ्या माणसाकडूनच एखादं लहानसं घे. तोवर भिंत मोकळी चांगली दिसेल.

आता उजेड. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. तुझ्या हॉलमध्ये एक पांढरी ट्यूब असणार, छताजवळ. ती सगळीकडे सारखाच उजेड टाकते, कुठे सावलीच उरत नाही, आणि माणसांचे चेहरेसुद्धा दमलेले दिसतात. ती काढू नकोस, भाजी निवडायला आणि वाचायला लागतेच. पण संध्याकाळसाठी वेगळा दिवा कर. बल्बच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा छापलेला असतो. ६५०० म्हणजे निळसर पांढरा. तुला २७०० किंवा ३००० वाला हवा, समईच्या उजेडाकडे झुकणारा. असे दोन घे, पाच-सात वॅटचे पुरे, आणि एकही छताला लावू नकोस. एक बसण्याच्या जागेशेजारी खाली, दुसरा गेरूच्या भिंतीजवळ. शेड विकत घ्यायची गरज नाही. बाजारात बुरूड बसतात, त्यांच्याकडून तांदूळ धुवायची रोवळी आण, बांबूची. उलटी टांगली आणि आत एलईडी बल्ब सोडला की तिच्या विणीची नक्षी भिंतभर पडते. बल्ब बांबूला टेकू देऊ नकोस, चार बोटं अंतर ठेव, आणि वायर-होल्डर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घे, तिथे बचत नको.

पडद्यांना साडी वापर. तुझी किंवा आईची, सुती, न नेसली जाणारी. रेशमी साडी उन्हाच्या खिडकीत लावशील तर दोन-तीन उन्हाळ्यांत विरेल. हिशोब बघ: सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, पन्हा ४५ इंच. मधोमध कापलीस तर नऊ-नऊ फुटांचे दोन पडदे. जमिनीपर्यंत सात फूट गेले, शिवण सोडूनही उशांच्या अभ्र्यांपुरतं कापड उरतं. खिडकी चार फुटांची असेल तर दोन पडद्यांची ९० इंच रुंदी जवळपास दुप्पट भरते, आणि पडद्याला तेवढी चूण लागतेच, नाहीतर तो टॉवेल वाळत घातल्यासारखा दिसतो. काठ दोन्ही कडांना उभे येतात, एका पडद्याच्या तळाशी पदर येतो. आतून मांजरपाटाचं अस्तर लाव, रंग टिकेल. रॉड खिडकीच्या चौकटीला चिकटून नको, सहा इंच वर आणि दोन्ही बाजूंना थोडा बाहेर घे. खिडकी मोठी वाटते. साडीला कात्री लावायला जीव होत नसेल तर उल्हासनगर तुला लोकलने जवळच. तिथल्या गजानन मार्केटात कापड भाव करून घ्यायचं, पहिल्या दुकानात नाही.

बसायला भारतीय बैठक. सहा बाय अडीचची कापसाची गादी आणि दोन लोड गादीवाल्याकडून करून घे. माहेरी किंवा सासरी जुन्या गाद्या पडून असतील तर तोच कापूस पिंजून घे, खर्च निम्म्यावर येईल. पावसाळ्यात मात्र ऊन पडेल त्या दिवशी गादीला गच्चीत ऊन दाखवायचं. ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी ती ट्रंक. उंची मोजून बघ. १५ इंच असेल तर वर तीन इंचांची गादी टाकली की बरोबर खुर्चीएवढं आसन होतं. गंज काचपेपरने घासून काढ, रेड ऑक्साइडचा एक हात, तो वाळला की ऑइल पेंटचे दोन हात. मोरपंखी किंवा गडद हिरवा, गेरूच्या भिंतीपुढे खुलेल. कड्या आणि कुलपाची कोयंडी मात्र रंगवू नकोस, घासून तशीच ठेव. आणि नवऱ्याला हे काम दे. त्याच्या आईची ट्रंक आहे, तो मन लावून करेल.

माझ्या अंदाजाने भिंतीला दीड हजार, दिव्यांना एक, पडद्यांच्या शिलाई-रॉडला दीड, गादी-लोडांना साडेतीन, ट्रंकेला पाचशे, एका चांगल्या सतरंजीला हजार. नऊ हजार झाले, दुकानागणिक शे-दोनशे इकडेतिकडे होतील. उरलेल्या तीन हजारांना हात लावू नकोस. तुझ्या नवऱ्याला घरात थोडे पैसे शिल्लक आहेत हे माहीत असणं, हीसुद्धा त्याच्यासाठी घराची सजावटच आहे. झाडं विकत घेऊ नकोस, शेजारणीकडून मनीप्लांटची फांदी माग आणि बाटलीत लाव. शेजारीणही मिळेल.

वाढदिवसाला सगळ्यांना बोलव, त्या ‘शिफ्टिंग’ म्हणालेल्या मैत्रिणीलाही. सहाच्या सुमाराला बोलव, म्हणजे रोवळीचा दिवा लावून ठेवता येईल. सगळं झालेलं नसेल तरी बोलव. खायला पातळ पोह्यांचा चिवडा आणि कॉफी भरपूर झाली.

पण त्याआधी एक फोन. सासूबाईंनी लग्नातली ट्रंक सुनेकडे पाठवली आणि किल्ली स्वतःकडे ठेवली, यात त्यांच्या मनात काय आहे ते तू कधी विचारलेलं दिसत नाही. कदाचित तू मागायची वाट बघत असतील. आत साड्या असतील, पितळेची भांडी असतील, किंवा फक्त जुनी पत्रं असतील. त्यातल्या कशालाही त्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, कात्री तर नाहीच. रविवारी सकाळी फोन कर. ट्रंक हॉलमध्ये समोर मांडतोय, तुमचा मुलगा रंगवतोय, कोणता रंग देऊ, हे आधी विचार. किल्लीचं त्यानंतर.

तुझी,
मावशी