कोपनहेगनमध्ये दोन रात्री मोकळ्या आहेत. बार आणि नाइटलाइफ बघायला कुठे जाऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनमध्ये ऑफिसच्या कामाने कोपनहेगनला जाताय, शुक्रवार आणि शनिवारची रात्र मोकळी आहे, सोबत कोणी नाही, बियर चालते पण पट्टीचे पिणारे नाही, शाकाहारी आहात, आणि इंटरनेटवरच्या प्रत्येक यादीत तेच सात-आठ महागडे बार दिसतायत.

मी मूळची इचलकरंजीची. नॉरेब्रो भागात साडेचार वर्षं भाड्याने राहिले. माझं मत आधीच सांगून टाकते: त्या चकचकीत बारांपैकी एकच बघा आणि उरलेली रात्र बोडेगात, म्हणजे तिथल्या जुन्या, साध्या गल्लीतल्या बारमध्ये घालवा.

आधी वेळेचं गणित, कारण मी तिथेच फसले होते. पहिल्या शुक्रवारी नटूनथटून साडेनऊला एका क्लबच्या दारात पोचले. आत एक मुलगा फरशी पुसत होता. त्याने अगदी सभ्यपणे सांगितलं की साडेबारानंतर या. तिथे बाहेरची दारू महाग असल्यामुळे मंडळी आधी कुणाच्या तरी घरी जमतात, दुकानातून आणलेली बियर संपवतात आणि मगच बाहेर पडतात. याला ते ‘फोरफेस्ट’ म्हणतात. तुमच्यासारख्या पाहुण्याला असं घर कुठून मिळणार? पण दोन सोयी आहेत. एक म्हणजे ऑफिसातला ‘फ्रेडासबार’, म्हणजे शुक्रवारचा बार. कितीतरी कंपन्यांत आणि विद्यापीठांत शुक्रवारी दुपारी तीन-चारलाच बियरचे क्रेट उघडतात आणि एरवी लिफ्टमध्ये नजर चुकवणारे सहकारी त्या दोन तासांत माणसात येतात. कुणी बोलावलं तर काम आहे म्हणून हॉटेलवर पळू नका.

दुसरी सोय म्हणजे रस्ता. तिथे सार्वजनिक जागी बियर पिणं साधारणपणे कायद्याने चालतं. पहिल्यांदा कॅन हातात घेऊन पुलावर बसले तेव्हा मी सारखी मागे वळून पोलीस येतोय का बघत होते, आपल्याकडची सवय. ड्रॉनिंग लुईसेस ब्रो हा तळ्यावरचा पूल शहर आणि नॉरेब्रो यांना जोडतो. जूनमध्ये सूर्य मावळतो रात्री दहाच्या सुमारास, तोवर उन्हाच्या बाजूचा सगळा फूटपाथ भरलेला असतो. कुणी मालवाहू सायकलवर स्पीकर बांधून आणलेला असतो, पलीकडून घरी जाणाऱ्या सायकलींची रांग चाललेली असते. रिकामा कॅन कचऱ्यात टाकू नका, कचरापेटीशेजारी उभा करून ठेवा. त्यावर एक क्रोन अनामत असते, ‘पँट’ म्हणतात तिला, आणि ती गोळा करून फिरणाऱ्यांचा त्यावर दिवस निघतो. नूहाउनच्या रंगीत घरांसमोरही हेच करा. तिथल्या टेबलावरची बियर म्हणजे पर्यटकांकडून वसूल केलेला कर आहे, कालव्याच्या कडेला पाय सोडून बसलात तर देखावा तोच आणि पैसे निम्म्याहून कमी.

आता तो एक चकचकीत बार. माझी निवड ‘रुबी’. कालव्याकाठी नूब्रोगेडवर जुन्या घरात २००७ पासून आहे. बाहेरून बघताना इथे बार असेल असं वाटतच नाही, कुणाच्या तरी दिवाणखान्यात शिरल्यासारखं होतं. कॉकटेल सव्वाशे-दीडशे क्रोनच्या घरात, म्हणजे रुपयांत हिशेब केलात तर पुढचा घोट घशाखाली उतरणार नाही, तेव्हा करूच नका. एक घ्या, तासभर पुरवा. वाइनवाले असाल तर तिथून जवळच ‘वेद स्ट्रॅन्डन १०’ आहे. काय आवडतं ते सांगितलं की ते आपल्या मनाने ग्लास भरून देतात.

बियरचा नाद असेल तर वेस्टरब्रोमधल्या व्हिक्टोरियागेडवरचा ‘मिकेलर’चा तळघरातला बार बघा. २००६ मध्ये एका गणित-भौतिकशास्त्राच्या मास्तराने मित्राबरोबर ही कंपनी काढली. स्वतःची भट्टी नव्हती, दुसऱ्यांच्या भट्ट्यांत जाऊन आपली बियर गाळून आणायची. हा बार २०१० चा. बिनदारूची बियरही यांच्याकडे चांगली मिळते, आणि ती मागितली म्हणून कुणी भुवया उंचावत नाही.

चला, बोडेगाकडे. आपल्याकडची परमिट रूम आणि इराण्याचं हॉटेल यांचं लग्न लावून दिलं तर जे पोर होईल, ते बोडेगा. खिडकीवर अर्धे पडदे, तपकिरी लाकूड, कोपऱ्यात गाण्यांचं यंत्र, कुठे बिलियर्डचं टेबल, आणि काउंटरवर गेली वीस वर्षं त्याच स्टुलावर बसणारे आजोबा. डेनिश लोक अशा जागेला ‘तपकिरी’च म्हणतात, धुराने आणि वयाने भिंतींना तो रंग चढलेला असतो.

धुराचं मात्र आधीच सांगते, नाहीतर मला शिव्या घालाल. २००७ च्या ऑगस्टमध्ये तिथे धूम्रपानबंदीचा कायदा आला, पण एक पळवाट राहिली. बसण्याची जागा ४० चौरस मीटरपेक्षा कमी असेल आणि तुम्ही जेवण वाढत नसाल, तर सिगारेट चालू द्यायची की नाही हे मालकाने ठरवायचं. अनेक बोडेगांनी धूर ठेवला आणि स्वयंपाकघर सोडलं. म्हणून तिथे चखणा नाही! फार तर शेंगदाणे, चिप्सचं पाकीट. मसाला पापड, चकली, उकडलेले हरभरे असलं काही मनात आणूच नका, पोटभर खाऊन जा. आणि जे जॅकेट सोमवारच्या मीटिंगला घालायचंय ते हॉटेलवर ठेवून जा. मी एक लोकरीचा कोट कायमचा घालवला. काही ठिकाणी आता मालकांनी आपणहून सिगारेट बंद केलीय, दारातच वास घेऊन ठरवा.

सुरुवात ‘बो-बी बार’पासून करा. क्लारेबोडर्ने गल्लीत १९१७ पासून आहे, खोली एवढीशी, भिंती लाल. ग्युल्डेनडाल या जुन्या प्रकाशनसंस्थेचा वाडा याच गल्लीत, त्यामुळे लेखक, पत्रकार, कवी आणि कवी होऊ घातलेले अशांची इथे पिढ्यानपिढ्या ऊठबस. दुसरा ख्रिश्चनहाउनमधला ‘आयफेल बार’, खलाशांच्या वस्तीतला. आणि केवळ वयासाठी बघायचं असेल तर कोंगेन्स नूटॉर्व चौकातली ‘व्हीज विनस्टू’. ती १७२३ पासून चालू आहे, म्हणजे साताऱ्यात शाहू महाराज आणि पेशवेपदावर पहिला बाजीराव असल्यापासून. बुटकं छत, एकातून दुसऱ्यात उघडणाऱ्या काळोख्या खोल्या. तिथे पर्यटकही असतात, तरी जावं.

बोडेगात शिरल्यावर टेबल पकडू नका, काउंटरपाशी बसा. बाटलीतली बियर मागा, ‘एन बायर’ म्हटलं की कळतं. माझ्या वेळी ३५-४० क्रोनला मिळायची. मग गप्प बसा. खरंच, काही करायचं नाही. डेनिश माणूस अनोळखी माणसाशी आपण होऊन बोलत नाही. तो उद्धटपणा नसतो, तुम्हाला त्रास होऊ नये अशी त्याची समजूत असते. दुसऱ्या बाटलीच्या आसपास कुणीतरी चामड्याचा पेला आणि फासे तुमच्याकडे सरकवेल. तो खेळ म्हणजे ‘मायर’. दोन फासे पेल्याखाली हलवायचे, आपणच चोरून बघायचे, आकडा जाहीर करायचा आणि पेला तसाच झाकून पुढच्याला द्यायचा. त्याने एकतर तुमचा शब्द मानून फासे पुन्हा हलवायचे आणि तेवढा किंवा त्याहून मोठा आकडा सांगायचा, नाहीतर ‘खोटं’ म्हणून पेला उचलायचा. आपण पत्त्यांत ‘चॅलेंज’ खेळतो तेच. मोठा आकडा आधी वाचायचा, आणि सगळ्यात वरचढ दोन-एक, म्हणजे २१. माझी तिथली अर्धी ओळखपाळख या पेल्यामुळे झाली. एका निवृत्त सुताराने मला सलग सात डाव हरवलं आणि मग सांगितलं, तू खोटं बोलताना फार गोड हसतेस.

ग्लास उचलून ‘स्कोल’ म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, घोट घ्यायचा, आणि ग्लास ठेवण्याआधी पुन्हा बघायचं. टेबलावर पाच जण असतील तर पाचही जणांकडे. आपल्याला हे जरा अवघडल्यासारखं होतं, पण नजर चुकवलीत तर त्यांना खटकतं.

बिलाची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. डेनिश लोक पन्नासपासूनचे आकडे विसांनी मोजतात. साठ म्हणजे तीन विसा, ऐंशी म्हणजे चार विसा. आणि मधले? पन्नास म्हणजे ‘हाल्ट्रेस’, अर्थ शब्दशः अडीच विसा. सत्तर ‘हाल्फ्येर्स’, साडेतीन विसा. नव्वद ‘हाल्फेम्स’, साडेचार विसा. डेनिश शिकायच्या वर्गातले इंग्रज आणि अमेरिकन डोकं धरून बसायचे आणि मला आजी आठवायची, जी आंबे विसांवर मोजायची. अडीच आणि साडेतीन रक्तात असलेल्या माणसाला हे दहा मिनिटांत जमतं. तरीही किंमत कार्डाच्या यंत्रावर वाचूनच पैसे द्या. रात्री उशिरा रोख नोटा काही ठिकाणी घेत नाहीत. बक्षिशी देण्याची पद्धत नाही, पंचवीस टक्के कर किमतीत आधीच धरलेला असतो.

शनिवारी संगीत ऐका. डेक्स्टर गॉर्डन, बेन वेबस्टर असे मोठे अमेरिकन जॅझवाले साठच्या दशकात या शहरात येऊन राहिले, ‘मॉनमार्त्र’ या १९५९ च्या क्लबात वाजवत राहिले. वेबस्टरची कबर माझ्या घराजवळच्या असिस्टेन्स दफनभूमीत आहे, जिथे लोक उन्हाळ्यात गवतावर चादर टाकून पुस्तक वाचतात. त्यांनी लावलेली सवय शहराला अजून आहे. काम्पनिस्ट्रेडवरच्या ‘ला फोंतेन’मध्ये शनिवारी उशिरा जा, ठरलेला कार्यक्रम संपल्यावर जो वाद्य घेऊन येईल तो वाजवतो. जागा पाच-सहा टेबलांपुरती, उभं राहावं लागेल. मला विचाराल तर दोन रात्रींतला सगळ्यात चांगला तास हाच.

नाचायचं असेल तर दोन पर्याय. टेक्नो हवं असेल तर ‘कल्चर बॉक्स’, २००५ पासून. नाहीतर वेस्टरब्रोमधलं ‘वेगा’, तेही तिथे कार्यक्रम असेल तर. १९५६ साली कामगार चळवळीसाठी बांधलेली ती इमारत आहे, वास्तुविशारद तोच ज्याने विमानतळाचं १९३९ चं टर्मिनल केलं. लाकडी भिंती, जुने दिवे, सगळं जपलेलं. जवळच ‘क्यूडब्यून’ म्हणजे जुना खाटीकबाजार, तीसच्या दशकातल्या पांढऱ्या टाइल्सच्या इमारती. आता तिथे बार आणि हॉटेलं आहेत. शुक्रवारी गर्दी तुफान असते, पण मला तिथे दर वेळी कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या पार्टीत चुकून शिरल्यासारखं वाटायचं. एक फेरी मारा, बास.

ख्रिश्चनहाउनमधल्या ख्रिश्चनिया या स्वतःचा कारभार स्वतः बघणाऱ्या वस्तीचं सगळेच विचारतात. गांजा तिथेही बेकायदा आहे, आणि जिथे तो उघड विकला जायचा त्या रस्त्याचे दगड २०२४ च्या एप्रिलमध्ये रहिवाशांनीच उखडून काढले. तिथल्या ‘लोपन’मध्ये गाणं ऐकायला जरूर जा, १९७३ पासून चालू आहे.

खाण्याचं सोपं आहे. नॉरेब्रोगेडवर रात्री उशिरापर्यंत फलाफल मिळतं, तिखट सॉस जास्त मागा, त्यांचं ‘तिखट’ म्हणजे आपलं बाळगुटी. सॉसेजच्या गाड्यांवर तुमच्यासाठी फारसं काही नाही.

परत येण्याची काळजी नको, मेट्रो चोवीस तास चालते. मी पहाटे तीनला एकटी घरी जायचे. वेस्टरब्रोत स्टेशनमागच्या रस्त्यावर जरा भराभर चालायचे एवढंच. भाड्याची सायकल घेतलीत तर दोन बाटल्यांनंतर ती ढकलत न्या. नशेत सायकल चालवली तरी दंड होतो, आणि तिथल्या सायकल मार्गावर डगमगलात तर पोलिसांआधी मागची बाई तुमचा समाचार घेईल.

तुम्ही तारखा लिहिल्या नाहीत. जूनच्या सुरुवातीला असाल तर ‘डिस्टॉर्शन’ हा रस्त्यावरचा जलसा गाठा, १९९८ पासून होतो, रस्तेच्या रस्ते नाचतात. २३ तारखेच्या संध्याकाळी असाल तर पाण्याकाठी होळ्या पेटतात, वर गवताची चेटकीण बसवलेली असते. आणि शेवटच्या आठवड्यात असाल तर भर दुपारी उघडे ट्रक दिसतील, कर्णकर्कश गाणी, पांढऱ्या टोप्या घातलेली पोरं किंचाळतायत. बारावी पास झालेला आख्खा वर्ग असतो तो, एकेकाच्या घरी थांबत, पीत-खात दिवसभर फिरतो. विसर्जनाच्या ट्रकला हात करतो तसा हात करा, सगळे ओरडून उत्तर देतील. जे एरवी लिफ्टमध्ये बघतही नाहीत तेच हे लोक.