फ्रंटियरला शीव म्हणा, हद्द नको

लातूरहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका भावानं विचारलंय की राजकीय भूगोलाच्या नोट्समध्ये 'बाउंड्री' आणि 'फ्रंटियर' दोन्हीला 'सीमा' लिहिलंय, एका पानावर फ्रंटियरला 'सीमंत प्रदेश' पण छापलंय, तर खरं काय धरायचं, सीमा आणि सरहद्द एकच का, आणि 'बफर स्टेट'ला मराठीत काय म्हणायचं.

आधी ते 'सीमंत' खोडा भाऊ, आत्ताच्या आत्ता. सीमंत म्हणजे केसांतला भांग. सीमंतिनी, सीमंतोन्नयन हे शब्द त्यातूनच आलेत. सीमेच्या टोकाचा भाग म्हणायचा असेल तर सरळ संधी होतो, सीमांत. भांगासाठी तेवढा 'सीमंत' होतो असं संस्कृत व्याकरणवाल्यांनी मुद्दाम अपवाद करून सांगितलंय, म्हणजे हा घोळ होणार हे त्यांना दोन हजार वर्षांपूर्वीच दिसत होतं, आणि आपले नोट्स छापणारे अजून 'वायव्य सीमंत प्रांत' छापतात. हे मी इतक्या ठिकाणी वाचलंय की आता वाचवत नाही.

आता परीक्षेपुरतं. बाउंड्री म्हणजे सीमारेषा, नकाशावरची रेघ, तिला लांबी असते पण रुंदी नसते. फ्रंटियर म्हणजे सीमाप्रदेश, त्याला रुंदी असते, माणसं राहतात, बाजार भरतो, दोन्हीकडच्या भाषा चालतात. आज पाकिस्तानात असलेल्या वायव्य सरहद्द प्रांताचंच बघा, व्हाइसरॉय कर्झननं १९०१ मध्ये तो पंजाबातून वेगळा काढला, तर इंग्रजांचा रोजचा कारभार चालायचा ती हद्द एकीकडं, १८९३ ची ड्युरंड रेषा, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थान आणि अफगाणिस्तान यांच्यातली रेघ, पार पलीकडं डोंगरात, आणि मधला सगळा टोळ्यांचा मुलूख, जिथं ना धड इंग्रजी कायदा ना धड अफगाण अमिराचा. तो मधला मुलूख म्हणजे फ्रंटियर. पेपरात सीमारेषा आणि सीमाप्रदेश लिहा, मार्क मिळतील.

पण माझं भांडण इथूनच सुरू होतं. याच कर्झननं हिंदुस्थानातून परत गेल्यावर १९०७ मध्ये ऑक्सफर्डला 'फ्रंटियर्स' नावाचं व्याख्यान दिलं आणि त्यात फ्रंटियर म्हणजे वस्तऱ्याची धार, तिच्यावर राष्ट्रांचं युद्ध आणि शांतता लटकलेली असते, असं वाक्य टाकलं. ते वाक्य प्रत्येक पुस्तकात येतं आणि प्रत्येक प्राध्यापक ते कौतुकानं सांगतो. मला ते साफ चुकीचं वाटतं. धार ही रेघ झाली की हो! जो माणूस टोळ्यांच्या अख्ख्या मुलखाचा प्रांत करून आला त्यानंच फ्रंटियरची रुंदी काढून टाकली, आणि नंतरच्यांनी दोन्ही शब्द एकच समजायचे ते समजलेच.

आणि गंमत बघा, कर्झनला जे म्हणायचं होतं त्याला नेमका शब्द आपल्या तोंडात रोज असतो, तो म्हणजे हद्द. मूळ अरबी 'हद्द', आणि अरबीत त्याचा अर्थ मर्यादा तर आहेच पण तलवारीची, सुरीची धार असापण आहे. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. आपण 'हद्द झाली', 'बेहद्द खुश', 'हद्दपार' म्हणतो ना, त्या सगळ्यांत ती धार आहे, अलीकडं एक पलीकडं दुसरं, मध्ये पाय ठेवायला जागा नाही. पोलीस स्टेशनला गेलात की पहिला प्रश्न काय असतो, कुणाच्या हद्दीत घडलं? भूमिअभिलेखवाले मोजणी करतात ती 'हद्द कायम मोजणी', त्यात मशीन लावून पॉइंट काढतात, दगड रोवतात, दगडाच्या अल्याड तुमचं पल्याड त्याचं. राजकीय भूगोलात सीमा करारात शब्दांनी ठरवणं, मग नकाशावर आखणं आणि मग जमिनीवर खुणा रोवणं अशा ज्या पायऱ्या शिकवतात त्यातली शेवटची पायरी म्हणजे आपली हद्द कायम. सरहद्द हा त्याच्यापुढं फारसी 'सर' म्हणजे डोकं लागून झालेला शब्द, हद्दीचं शेवटचं टोक. म्हणून सरहद्द राज्याची असते, शेताची कधी ऐकली का?

शेताचा आपल्याकडं धुरा. पश्चिम महाराष्ट्रात त्यालाच बांध म्हणतात, आणि पुस्तकं तिकडं छापली जातात म्हणून धुरा कुठं सापडत नाही. दोन शेतांमध्ये धुरा, दोन गावांमध्ये शीव, पोलीस स्टेशनची, नगरपालिकेची हद्द आणि राज्याची सरहद्द. राजकीय भूगोलात 'स्केल' म्हणून, म्हणजे शेतापासून राज्यापर्यंतच्या लहान-मोठ्या पातळ्यांची, जी कल्पना इंग्रजीतून पानंच्या पानं समजावून सांगतात ती मराठवाड्यातला शेतकरी चार शब्दांत सांगतो आणि त्यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी वापरत नाही.

यातला शीव माझा लाडका. सीमा वरूनच आला. दोन स्वरांमधल्या 'म'चा मराठीत 'व' होतो, ग्रामचं गाव, नामचं नाव, आमलकाचा आवळा, आणि इ-ई पुढं आली की 'स'चा 'श' होतो, सिंदूरचा शेंदूर तसा. म्हणून सीमा, सीव, शीव. मुंबईचं शीव स्टेशन हेच, तिथं इंग्रजांचं मुंबई बेट संपायचं आणि पलीकडं साष्टी बेट सुरू व्हायचं, जे १७३७-३९ पर्यंत पोर्तुगीजांकडं होतं. इंग्रजांनी त्याचं 'सायन' केलं आणि आता मराठी माणूसपण सायनच म्हणतो. दसऱ्याचं शिलंगणसुद्धा सीमोल्लंघनाचंच घासून झालेलं रूप. तुळजापूरला भवानीचं शिलंगण होतं, बुऱ्हाणनगरहून पालखी येते, तिथं म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून 'शिलंगण' ऐका आणि मग निवेदकाच्या तोंडून 'सीमोल्लंघन सोहळा' ऐका, कशात जीव आहे ते कळेल.

आणि शीव ही रेघ नाही, हा माझा सगळा मुद्दा आहे. गावच्या शिवेवर जाऊन उभं राहा. ओढा असतो, दोन्ही काठांना बाभळी, शेंदूर फासलेला म्हसोबा, आणि दोन्ही गावांच्या बैलगाड्या जातात तो शिवरस्ता, तो तर गावनकाशावरपण दाखवलेला असतो. नवरदेव दुसऱ्या गावात शिरताना शिवेवर नारळ फोडतात. म्हंजे तिथं थांबता येतं, काहीतरी करता येतं, देव बसवता येतो. वस्तऱ्याच्या धारेवर म्हसोबा बसेल का? म्हणून मी म्हणतो फ्रंटियरला मराठीत सगळ्यात जवळचा शब्द शीव आहे आणि तो परिभाषेत यायला पायजे होता.

शिवार पण तिथलंच. आजकाल व्हॉट्सॲपवर फिरतं की शेतात शिवाचा वास असतो म्हणून शिवार, ते डोक्यातून काढून टाका, शंकराचा इथं काही संबंध नाही. शिवेच्या आतली गावची सगळी जमीन ते शिवार. शेवटच्या 'आर'बद्दल माझं स्वतःचं मत असं की ते 'आवार' आहे, शिवेचं आवार, बोलताना मधला एक 'व' गिळला गेला. एका व्युत्पत्तीवाल्या गृहस्थांनी मला हे ठाम नाकारलं, त्यांच्या मते 'आर' हा नुसता प्रत्यय, पण कोणता प्रत्यय आणि आणखी कुठल्या जागावाचक शब्दात तो याच अर्थानं येतो ते त्यांना सांगता आलं नाही, तोवर मी आवार सोडणार नाही. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर-धाराशिवकडची माणसं आंबिलाचं मडकं घेऊन शिवारात जातात, हद्दीत कुणी जात नाही, यावरून तरी दोन्हींतला फरक ध्यानात घ्या.

सरहद्द शब्द मराठवाड्यात अजून गरम आहे त्यालाही कारण आहे. आमचे पाच जिल्हे निजामाच्या संस्थानात, पैनगंगेच्या अल्याड नांदेड, पल्याड वऱ्हाडातलं उमरखेड, आणि १९४७-४८ मध्ये रझाकारांविरुद्ध लढणाऱ्यांचे कॅम्प उमरखेडसारख्या सरहद्दीपलीकडच्या गावांत होते. आता त्या वऱ्हाडाचं बघा. १८५३ मध्ये निजामानं ते इंग्रजांच्या कारभारात दिलं, १९०२ मध्ये कर्झननंच ते वर्षाला २५ लाखांवर कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतलं, पण कागदावर सार्वभौमत्व निजामाचंच राहिलं, त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार', म्हणजे वऱ्हाडचा राजपुत्र, म्हणायचे. सार्वभौमत्व एकाचं आणि ताबा दुसऱ्याचा, हे शिकायला काश्मीरपर्यंत जायला नको.

काश्मीरवरून आठवलं, बातम्या देणाऱ्यांनो, ताबारेषेला 'आंतरराष्ट्रीय सीमा' म्हणणं बंद करा. १९४९ ची युद्धबंदी रेषा, सिमला करारानंतर १९७२ मध्ये आखलेली ताबारेषा, कुणाचा ताबा कुठवर एवढंच ती सांगते. आंतरराष्ट्रीय सीमा म्हणलं की पलीकडच्यावरचा हक्क सोडला असा अर्थ होतो. मराठीत 'ताबा' इतका नेमका शब्द असताना हे व्हावं याचा मला खरंच संताप येतो.

सीमाभाग हा शब्द मात्र आपण छान घडवलाय. बेळगाव, कारवार, निपाणी सगळ्यांना माहीत, पण १९५६ मध्ये हैदराबाद राज्य मोडलं तेव्हा म्हैसूरकडं गेलेले बिदर, भालकी, औरादपण त्यातच आहेत. उदगीर-देगलूरच्या बाजारात एकच दुकानदार मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी चारही बोलतो, तो रेघेवर नाही शिवेवर बसलाय.

बफर स्टेट राहिलं. दोन मोठ्या सत्तांनी एकमेकींना भिडू नये म्हणून मध्ये राखलेलं राज्य, रशिया आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधलं अफगाणिस्तान. त्याची वाखानची लांब चिंचोळी पट्टी १८९५ मध्ये खास त्याचसाठी ठेवली, काही ठिकाणी ती वीस किलोमीटरसुद्धा रुंद नाही. मराठीत 'आडराज्य' म्हणा, आडभिंत म्हणतो तसं, पण पेपरात 'बफर राज्य'च लिहा, तपासणाऱ्याला तेच माहीत असतं.