इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबचे चाहते ओले गुन्नार सोल्शायर यांना मॅनेजर (म्हणजे मुख्य प्रशिक्षक) म्हणून नेमके कसे पाहतात?

या प्रश्नात दोन गोष्टी आहेत. खेळाडू म्हणून इतका लाडका असलेला माणूस मॅनेजर झाल्यावर चाहत्यांत त्याच्यावरून एवढी फाटाफूट का झाली, ही पहिली. आणि ते खरोखरच वाईट मॅनेजर होते का, ही दुसरी. मी वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो, शाळेत शिकवतो आणि घरातल्या व शेजारच्या मुलांसोबत रात्री जागून युनायटेडचे सामने पाहत आलो आहे. त्यामुळे दुरून हा संघ पाहणाऱ्यांचे मत कसे बनत गेले आणि कसे बदलत गेले, ते मी जवळून पाहिले आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. विस्कटलेला संघ सावरणारे ते चांगले मॅनेजर होते, पण चालू सामना हातातून निसटू लागला की तो पुन्हा ताब्यात घेणे त्यांना जमत नव्हते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. चाहत्यांच्या दोन गटांनी त्यातली एकेक अर्धी गोष्ट धरून ठेवली आणि भांडण तिथेच आहे.

खेळाडू म्हणून त्यांची पुण्याई किती मोठी होती, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काहीच कळणार नाही. १९९६ मध्ये ते नॉर्वेच्या मोल्डे क्लबमधून युनायटेडमध्ये आले आणि ३६६ सामन्यांत १२६ गोल करून २००७ मध्ये गुडघ्याच्या दुखापतीमुळे निवृत्त झाले. फेब्रुवारी १९९९ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध राखीव बाकावरून मैदानात येऊन त्यांनी चार गोल केले. त्याच वर्षी २६ मे रोजी बार्सिलोनाच्या मैदानावर, चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या सर्वांत मोठ्या क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बायर्न म्युनिकविरुद्ध ८१ व्या मिनिटाला अँडी कोल यांच्या जागी ते आत आले आणि भरपाईच्या वेळेत त्यांनी विजयी गोल केला. बाकावर बसल्या बसल्या ते समोरच्या बचावपटूंच्या चुका टिपून ठेवत, असे त्यांच्याबद्दल नेहमी सांगितले जाई आणि चाहत्यांच्या मनात त्यांची प्रतिमा अशाच एका हुशार विद्यार्थ्याची होती. त्यामुळे पुढे हा माणूस मॅनेजर होणार असे कळले, तेव्हा तो सामन्याची नस ओळखणारा असणार, असे आम्ही सगळ्यांनी गृहीतच धरले होते.

मॅनेजर म्हणून ते कोरी पाटी घेऊन आले नव्हते. मोल्डेला त्यांनी २०११ मध्ये, म्हणजे क्लबच्या शंभराव्या वर्षी, इतिहासातले पहिले लीग विजेतेपद मिळवून दिले आणि पुढच्याच वर्षी ते राखलेही. मात्र २०१४ मध्ये कार्डिफ सिटीत ते सपशेल अपयशी ठरले आणि संघ प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीतून खाली गेला. डिसेंबर २०१८ मध्ये तेव्हाचे मॅनेजर मोरिन्हो यांना काढून युनायटेडने त्यांना हंगामी मॅनेजर नेमले, तेव्हा संघ सहाव्या क्रमांकावर, लिव्हरपूलपेक्षा १९ गुणांनी मागे होता आणि ड्रेसिंग रूममध्ये कोणाचे कोणाशी पटत नव्हते. पहिल्याच सामन्यात त्याच कार्डिफविरुद्ध ५-१ असा विजय मिळाला. लीगच्या सामन्यात युनायटेडने पाच गोल करण्याची ही, २०१३ मध्ये निवृत्त झालेले जुने मॅनेजर फर्ग्युसन यांच्या शेवटच्या सामन्यानंतरची पहिलीच वेळ होती. मग लागोपाठ आठ सामने जिंकले गेले.

त्यानंतर आली ६ मार्च २०१९ ची पॅरिसची रात्र, आपल्याकडे ७ तारखेची पहाट. घरच्या मैदानावर पॅरिस सेंट जर्मेनकडून ०-२ असे हरलेला, दहा खेळाडू गैरहजर असलेला संघ तिथे ३-१ ने जिंकला आणि रॅशफर्डने ९४ व्या मिनिटाला पेनल्टीवर केलेल्या गोलने, एकूण ३-३ अशी बरोबरी असूनही बाहेरच्या मैदानावर जास्त गोल केल्यामुळे, पुढे गेला. पहिला सामना घरी दोन गोलांनी गमावून चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत पुढे जाणारा तो पहिला संघ होता. त्या रात्री जगभरच्या चाहत्यांनी सोल्शायर यांना कायम करा असा धोशा लावला आणि क्लबने २८ मार्चला, हंगाम संपण्याची वाट न पाहता, त्यांना तीन वर्षांचा करार देऊन टाकला. माझ्या मते सगळ्या फाटाफुटीचे मूळ इथे आहे. करार झाल्यानंतरच्या दहा सामन्यांत संघाने फक्त दोन जिंकले, एव्हर्टनकडून ०-४ असा मार खाल्ला, आणि लीगमधून खाली जाणाऱ्या हडर्सफिल्ड व कार्डिफ यांनासुद्धा तो हरवू शकला नाही. दोन महिने थांबले असते, तर निर्णय कदाचित तोच झाला असता, पण तो डोळे उघडे ठेवून झाला असता. भावनेच्या भरात नेमणूक झाली, असा ठपका मात्र त्यांच्यावर पुढची अडीच वर्षे राहिला.

आता त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे. २०१९-२० मध्ये संघ तिसरा आला आणि २०२०-२१ मध्ये दुसरा. जानेवारी २०२० मध्ये ब्रुनो फर्नांडिस आला आणि संघाचा चेहराच बदलला. लीगमध्ये बाहेरच्या मैदानांवर युनायटेड सलग २९ सामने अपराजित राहिला, जो इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीतला विक्रम ठरला. ते सामने बहुतांशी रिकाम्या मैदानांवर झाले, असे विरोधक म्हणतात आणि ते खरेही आहे. पण रिकामी मैदाने सगळ्याच संघांना होती. ग्वार्डिओलांच्या मँचेस्टर सिटीला त्यांच्याच मैदानावर हरवणे भल्याभल्यांना जमत नसे, ते सोल्शायर यांनी डिसेंबर २०१९, जानेवारी २०२० आणि मार्च २०२१ असे तीनदा केले. समोरचा संघ चेंडू आपल्याकडे ठेवून चाल करून आला, की त्याच्या मागे मोकळ्या राहिलेल्या जागेत वेगाने घुसायचे, एवढी एक गोष्ट हा संघ अत्यंत उत्तम करत असे.

अडचण अशी, की समोरचा संघ चाल करून आलाच नाही तर काय करायचे, याचे उत्तर त्यांच्याकडे शेवटपर्यंत तयार झाले नाही. १२ जानेवारी २०२१ रोजी बर्नलीला हरवून युनायटेड गुणतक्त्यात पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्याच महिन्यात तळाच्या शेफिल्ड युनायटेडकडून घरच्या मैदानावर १-२ असा हरला. त्याहून बोलका गोल नोव्हेंबर २०२० मध्ये चॅम्पियन्स लीगच्या सामन्यात इस्तंबूलला बसाकशेहिर या तिथल्या क्लबने केला. युनायटेडला कॉर्नर मिळाला होता, सगळा संघ पुढे गेला होता आणि मध्यरेषेजवळ उभ्या असलेल्या डेम्बा बा याच्यापाशी एकही बचावपटू नव्हता. चेंडू त्याच्याकडे आला आणि पस्तिशीतला तो खेळाडू अर्धे मैदान एकटा धावत गेला, तरी त्याला गाठायला कोणी नव्हते. असा गोल शाळेच्या संघाने खाल्ला, तर मुले दुसऱ्या दिवशी मास्तरांनाच जाब विचारतील. खेळाडूंचे मन सांभाळणे आणि खेळाडूंना जागा नेमून देणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले त्यांना उत्तम येत होते, दुसऱ्यात उणीव होती, आणि जेमतेम आठवडाभर आधी जर्मनीच्या लाइपझिगला ५-० ने हरवणारा हा संघ डिसेंबरमध्ये त्याच लाइपझिगकडून हरून चॅम्पियन्स लीगबाहेर गेला.

तरीही बहुतेक चाहत्यांचे मत ज्या सामन्याने फिरले, तो म्हणजे २६ मे २०२१ रोजी पोलंडमधील गडान्स्क येथे स्पेनच्या बियारेआलविरुद्ध झालेला युरोपा लीगचा, म्हणजे चॅम्पियन्स लीगच्या खालोखालच्या युरोपीय स्पर्धेचा, अंतिम सामना. आपल्याकडे तो रात्री साडेबाराला सुरू झाला. विदर्भातला मे महिना, त्यात कोरोनाची दुसरी लाट, म्हणून घरातलीच मंडळी गच्चीवर सतरंज्या टाकून एका मोबाइलभोवती बसली होती. बियारेआलचा गोल २९ व्या मिनिटाला झाला, युनायटेडच्या कवानीने ५५ व्या मिनिटाला बरोबरी साधली आणि त्यानंतर युनायटेडचे पाय हळूहळू जड होत गेले. बियारेआलचे मॅनेजर उनाई एमरी एकामागून एक ताजे खेळाडू आत पाठवत होते. आमच्याकडून कोणीच उठत नव्हते. माझा पुतण्या, ज्याने सोल्शायर यांना खेळताना कधी पाहिले नव्हते, तो ऐंशीव्या मिनिटाच्या सुमारास म्हणाला, "काका, हा कोणालेच बाहेर काहून नाही काढून राहिला?" माझ्याकडे त्याला सांगण्यासारखे काही नव्हते. युनायटेडचा पहिला बदल १०० व्या मिनिटाला झाला. राखीव बाकावरून येऊन ज्याने क्लबच्या इतिहासातला सर्वांत मोठा गोल केला, त्या माणसाला आपल्याच बाकावरच्या खेळाडूंवर भरवसा टाकता येऊ नये, हे आम्हाला पराभवापेक्षा जास्त लागले. पेनल्ट्यांमध्ये दोन्ही संघांच्या खेळाडूंनी गोल केले आणि शेवटी गोलकीपर दे गेयाचा फटका अडवला जाऊन ११-१० असा निकाल लागला, तेव्हा तीन वाजून गेले होते. त्याआधी दोन हंगामांत चार उपांत्य सामने गमावून झाले होते. सोल्शायर यांच्या काळात युनायटेडने एकही करंडक जिंकला नाही, हे वाक्य त्या पहाटेपासून त्यांना चिकटले.

पुढचे लवकर सांगतो. जुलै २०२१ मध्ये क्लबने त्यांचा करार २०२४ पर्यंत वाढवला, सांचो, वरान आणि रोनाल्डो यांना आणले आणि अपेक्षा आभाळाला भिडल्या. २४ ऑक्टोबरला लिव्हरपूलने ओल्ड ट्रॅफर्डवर ५-० असा धुव्वा उडवला. चार गोल पहिल्या अर्ध्यातच झाले होते. त्याच संध्याकाळी दुबईत टी-२० विश्वचषकात पाकिस्तानने भारताला दहा गडी राखून हरवले, त्यामुळे गावात टीव्हीसमोर एक शोक आणि मोबाइलसमोर दुसरा, असे चालले होते. २० नोव्हेंबरला वॉटफर्डकडून १-४ असे हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांना काढण्यात आले. १६८ सामने, ९१ विजय, ३७ बरोबरी आणि ४० पराभव असा त्यांचा हिशेब झाला. निरोपाच्या मुलाखतीत त्यांचे डोळे भरून आले आणि आदल्या रात्रीपर्यंत त्यांना शिव्या देणाऱ्या मुलांनीही ती मुलाखत गप्प बसून पाहिली.

चाहत्यांत फूट का पडली, याचे माझे उत्तर असे आहे. गावचाच मुलगा शिकून गावच्या शाळेत मास्तर म्हणून आला, की पहिली दोन वर्षे त्याच्या वर्गाचा निकाल कोणी विचारत नाही, आणि एकदा निकाल विचारायला सुरुवात झाली, की त्याने केलेले चांगले कामही कोणी पाहत नाही. सोल्शायर यांचे तसेच झाले. जुनी माया असलेल्यांनी बसाकशेहिरचा तो गोलसुद्धा नशिबावर ढकलला. माजी सहखेळाडू टीव्हीवर विश्लेषण करताना त्यांच्याबाबत हात आखडता घेतात, असा संशय दुसऱ्या गटाला येऊ लागला आणि त्या रागात या गटाने सलग दोन वर्षे पहिल्या तिघांत आलेला संघही मोडीत काढला. १९९९ न पाहिलेल्या तरुण चाहत्यांत राग जास्त होता. ज्यांनी ती रात्र पाहिली होती, त्यांना तो माणूस आणि त्याचे काम वेगळे करता येत नव्हते.

इतर क्लबांतही हे दिसले आहे, पण निकाल वेगवेगळे लागले. चेल्सीसाठी २११ गोल करणारे लॅम्पार्ड यांना जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या मॅनेजरपदावरून काढण्यात आले आणि त्यांच्या जागी आलेल्या टुखेल यांनी चारच महिन्यांत चॅम्पियन्स लीग जिंकली, त्यामुळे तिथला वाद लगेच मिटला. झिदान यांनी रेआल माद्रिदला २०१६ ते २०१८ अशी सलग तीन वर्षे तोच करंडक मिळवून दिला, तेव्हा कोणाला वाद घालायला जागाच उरली नाही. मात्र झिदान आधी अँचेलोट्टींचे सहायक होते आणि मग राखीव संघाचे प्रशिक्षक, हे विसरू नये. केवळ जुन्या नावावर ते तिथे बसले नव्हते. आपल्याकडे खालिद जमील यांनी २०१६-१७ मध्ये मिझोरामच्या ऐजॉलसारख्या लहान क्लबला आय-लीग ही तेव्हाची देशातली अव्वल फुटबॉल स्पर्धा जिंकून दिली. तिथे ते कधी खेळले नव्हते, त्यामुळे त्यांच्या कामाकडे सगळ्यांनी काम म्हणूनच पाहिले.

सोल्शायर यांच्याबाबत काळाने एक उलटी गोष्ट केली आहे. त्यांच्यानंतर रांगनिक यांच्या हाताखाली संघ सहावा आला. टेन हाग यांनी तिसरा क्रमांक आणि दोन करंडक मिळवले, पण दुसऱ्या वर्षी आठव्यावर घसरले. आमोरिम यांच्या काळात २०२४-२५ मध्ये तो ४२ गुणांसह पंधरावा आला. फर्ग्युसन यांच्या निवृत्तीपासून त्या हंगामापर्यंत लागोपाठ दोन वर्षे पहिल्या चौघांत संघ आणणारे मॅनेजर एकटे सोल्शायरच. म्हणून २०२१ मध्ये त्यांना हाकला म्हणणारे बरेच जण आता मवाळ झाले आहेत. मी त्यांच्याशी अर्धाच सहमत आहे. पुढच्यांचे अपयश मोठे ठरले, म्हणून गडान्स्कच्या बाकावरचे ते शंभर मिनिटांचे मौन योग्य ठरत नाही, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांना काढणे आवश्यकच होते.

आपल्याला स्वतःचे मत बनवायचे असेल, तर मार्च २०२१ मधला सिटीविरुद्धचा २-० चा विजय आणि गडान्स्कचा सामना, असे दोन सामने पूर्ण लांबीचे शोधून लागोपाठ पाहा. पहिल्यात सिटीचे खेळाडू पुढे चढल्यावर मागे किती जागा सोडतात ते पाहा. दुसऱ्यात ६० व्या मिनिटानंतर दोन्ही मॅनेजर काय करतात, एवढ्यावरच लक्ष ठेवा.