किती मिस्सा झाल्या म्हणजे पुरे?

“ते आता कुठे असतील हो, ताई?”

जळगावच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न किती वेळा विचारला गेला, याचा हिशोब मी कधीच सोडून दिलाय. विचारायची तऱ्हा मात्र घरागणिक वेगळी. कोणी सांगतं, दहाव्याला कावळा शिवता शिवेना. कोणी म्हणतं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर पुजली, आगारी टाकली (विस्तवावर नैवेद्य वाहिला), पण ते जेवून गेले असं मनाला वाटलंच नाही. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतली कॅथलिक माणसं येतात ती म्हणतात, “शेवटचं तेल मिळालं नाही.” म्हणजे मरणाच्या दारी असलेल्याला फादर प्रार्थना करत लावतात ते पवित्र तेल. कोविडनंतर हे वाक्य मी फार ऐकलं. ऑक्टोबर सरता सरता जरा जास्तच, कारण 2 नोव्हेंबर हा त्यांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. म्हणून त्यांच्यातल्या एकीची गोष्ट सांगते, तिच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून.

मी त्यांना मावशी म्हणायचे. साठीच्या आसपासच्या, यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले. एप्रिल 2021 मध्ये ते कोविड वॉर्डात गेले. फादरांना आत जाता आलं नाही, त्यामुळे कन्फेशन (पापांची कबुली) नाही आणि तेलही नाही. देह घरी आलाच नाही, परस्पर दहन झालं. आईवडिलांच्या कबरीशेजारी आपल्याला ठेवा, असं ते सांगून ठेवत. मावशींच्या हाती आली राखेची पिशवी. ती त्यांनी कपाटात, लग्नाच्या साडीच्या मागे ठेवली होती.

पहिल्याच भेटीत त्यांनी पर्समधून डायरी काढली. जून 2021 पासून दर महिन्याला यजमानांच्या नावाने एक मिस्सा, म्हणजे फादर चर्चमध्ये करतात तो प्रार्थनाविधी, आणि प्रत्येक मिस्सेला तारखेपुढे एक खूण. सप्टेंबर 2024 पर्यंत 40 खुणा. “ताई, किती झाल्या म्हणजे पुरे?”

इथे समजूत घालायला धावणं फार सोपं असतं. पूर्वी मीही धावायचे. या वेळी मी आधी त्यांच्या चर्चमधल्या फादरांना भेटले, कारण ज्या घराचा उंबरा आपण ओलांडलेला नाही त्या घरातला दिवा कुठे आहे हे आपण सांगू नये.

फादरांनी शांतपणे समजावलं. कॅथलिक श्रद्धेप्रमाणे माणूस मेला की त्या क्षणीच त्याच्या आत्म्याचा निवाडा होतो. पुढे स्वर्ग, शुद्धिस्थान किंवा नरक. घरात ज्याला ‘परगेटरी’ म्हणतात ते शुद्धिस्थान म्हणजे छोटा नरक अशी अनेकांची समजूत असते, ती चूक. तिथे पोचलेल्याचा स्वर्ग पक्का असतो, फक्त त्याची शुद्धी व्हायची असते. 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथातही असंच आहे. आणि ही शुद्धी आपल्या घड्याळाने मोजता येत नाही, असं पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2007 च्या आशेवरच्या पत्रात लिहिलंय. अमुक माणूस नरकात आहे असं तर चर्चने आजवर कोणाचंच नाव घेऊन जाहीर केलेलं नाही.

दहनाचंही तसंच. 1963 पासून चर्चने दहनाला मुभा दिलेली आहे. शेवटच्या दिवशी देह उठेल ही श्रद्धा कायम आहे, पण देव मातीतून उठवतो तसा राखेतूनही उठवेल, त्याला काही आपल्यासारखी हाडं शोधावी लागत नाहीत. (हे शेवटचं वाक्य फादरांचं. मी ते लगेच वहीत टिपलं.) अट एवढीच की राख घरात ठेवू नये, उधळू नये, ती पवित्र जागेत असावी. 2016 मध्ये रोमने हे स्पष्ट केलंय.

मावशींच्या मनात दोन आगी एक झाल्या होत्या, सरणाची आणि शुद्धिस्थानाची. त्यात सून नवापूरकडच्या प्रॉटेस्टंट घरातली. ती एकदा साधेपणाने बोलून गेली, “आई, मेलेल्यांसाठी प्रार्थना करून काय होणार? त्यांचा निर्णय झालाय.” मृतांसाठी केलेल्या प्रार्थनेचा उल्लेख मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. ते पुस्तक कॅथलिक बायबलमध्ये आहे, सुनेच्या बायबलमध्ये नाही. दोघी आपापल्या जागी खऱ्या, आणि स्वयंपाकघरात सहा महिने अबोला.

मलाही एक मोह झाला होता, तो कबूल करते. आखाजीला मी माझ्या आईसाठी घागर भरते. “आमचंही तसंच असतं हो मावशी,” असं म्हणावं असं फार वाटलं. म्हटलं नाही. आमच्याकडे पितर जेवायला येतात, त्यांच्याकडे मृतांना देवाच्या हाती सोपवतात. दुरून सारखं दिसतं, पण दुःखात असलेल्या माणसाला दुसऱ्याचं औषध आपल्या चमच्याने पाजू नये.

फादरांचं सगळं सांगणं मावशींनी त्यांच्या तोंडून ऐकलं, मान डोलावली, आणि डायरीत 41 वी खूण केली. माहितीने प्रश्न हलला नाही, तेव्हा माझ्या लक्षात आलं की प्रश्न माहितीचा नव्हताच.

सहाव्या भेटीत मी विचारलं, “मावशी, समजा उद्या कोणी येऊन सांगितलं, झालं, सुटले ते, पोचले स्वर्गात. मग परवा सकाळी उठून तुम्ही काय कराल?”

त्या गप्प झाल्या. बराच वेळ. शिकाऊ होते तेव्हा अशा शांततेत मी काहीतरी बोलून बसायचे. आता नुसतं बसून राहता येतं. वीस वर्षांची कमाई म्हणाल तर एवढीच, पण तिचा मला अभिमान आहे.

“मग त्यांच्यासाठी करायला काही राहणार नाही ना, ताई.”

डायरी बंद करून त्यांनी ती मांडीवर उलटी ठेवली, आणि साडेतीन वर्षांत कोणालाच न सांगितलेलं बोलल्या. “शेवटच्या रात्री फोन आला होता त्यांचा. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून बोलत होते. म्हणाले, माझ्यासोबत प्रार्थना म्हण. मी ओरडले. आधी मास्क लावा, प्रार्थना उद्या म्हणू. आणि फोन ठेवला. उद्या कुठला?”

“मावशी, ते मिस्सेला किती वर्षं गेले नव्हते?”

“दहा-बारा. फक्त नाताळला यायचे, तेही मागच्या बाकावर.”

“आणि त्या रात्री प्रार्थनेचा विषय कोणी काढला?”

“त्यांनीच.”

“तुम्ही सुचवलं होतं?”

“नाही हो. मला तर सॅच्युरेशनचीच पडली होती.” मग त्या थबकल्या. “म्हणजे... मी ठेवल्यावर म्हणाले असतील. एकटेच.”

“म्हणाले असतील?”

“म्हणालेच असतील. हट्टी होते.” आणि माझ्या खोलीत पहिल्यांदाच त्या हसल्या, डोळे पुसत पुसत.

त्यानंतरच्या आठवड्यात फादरांनी त्यांना एक जुनी गोष्ट पुन्हा सांगितली. मार्च 2020 मध्येच रोमहून आदेश निघाला होता. ज्यांना शेवटचं तेल मिळू शकत नाही त्यांना चर्चने देवाच्या दयेवर सोपवलं होतं. मरताना ज्याचं मन देवाकडे वळलेलं असेल आणि ज्याने आयुष्यात काही प्रार्थना केल्या असतील, त्याला पूर्ण दंडमाफी, म्हणजे पापांच्या उरलेल्या शिक्षेतून सुटका, दिली होती. कन्फेशन वगैरे नेहमीच्या अटी अशा वेळी चर्च स्वतः भरून काढतं. हे फादर आधीही एकदा बोलले होते, तेव्हा तो नुसता आदेश होता. आता त्यात एक रात्र होती, एक फोन होता, आणि प्रार्थना मागणारा एक हट्टी माणूस होता.

आमच्या क्षेत्रात एके काळी सांगत, गेलेल्याला मनातून सोडा, पुढे चला. मला ते कधी पटलं नाही. नातं राहतंच, त्यातलं काम बदलतं. म्हणून घरच्यांना माझं सांगणं असं की अशा माणसाची मिस्सा, घागर, फोटोसमोरची उदबत्ती बंद करू नका, आणि “देवाला आवडले ते” म्हणून विषयही मिटवू नका. “ते कुठे असतील” असं विचारलं की लगेच पत्ता सांगायला जाऊ नका. शेवटचं बोलणं काय झालं होतं, ते विचारा. बहुतेक वेळा गाठ तिथेच असते. धर्माचं जे सांगायचं ते त्या धर्माच्या जाणत्या माणसाला सांगू द्या, पण गाठ सुटल्यावर. मात्र मोजणी वाढतच चालली, झोप उडाली, जेवण तुटलं, किंवा “मलाही त्यांच्याकडे जायचंय” असे शब्द आले, तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

2 नोव्हेंबर 2024 ला दिवाळीचा पाडवा होता. आमच्याकडे ओवाळणी चाललेली असताना मावशींचा फोन आला. राख त्यांनी सासू-सासऱ्यांच्या कबरीत ठेवली होती, फादरांच्या हस्ते. मेणबत्त्या लावायला सून बरोबर होती. तिने प्रार्थना म्हटली नाही, पण वाऱ्याने विझणाऱ्या मेणबत्त्या हाताचा आडोसा करून सांभाळत होती म्हणे.

“आणि मिस्सा?” मी विचारलं.

“चालू आहे की. महिन्याला एक.”

“कितवी झाली?”

“कोण मोजतं आता? त्या डायरीत दुधाचा हिशोब लिहायला घेतलाय.”