टेप रेकॉर्डर नसताना स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ वर गेम लोड करणं

तुमच्याकडे ४८के झेडएक्स स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ अशी दोन मशीन आली आहेत, टेप रेकॉर्डर एकाचाही नाही, आणि मोबाइलमधून आवाज सोडून गेम लोड होतील का, असं तुम्ही विचारलंय. स्पेक्ट्रमवर होतील, छान होतील. कमोडोरवर त्या पद्धतीनं होणार नाहीत. दोन्ही मशीन १९८२ ची, दोन्ही कॅसेटवर चालणारी, मग हा फरक का, ते आधी समजून घ्या. पुढची निम्मी खटपट त्यानं वाचते.

स्पेक्ट्रम कुठल्याही साध्या टेप रेकॉर्डरला जोडता यावं म्हणून बनवलेलं आहे. रेकॉर्डरच्या इअरफोन जॅकमधून जो कच्चा आवाज येतो, तो ओळखायचं काम मशीन स्वतः करतं. कमोडोरनं मात्र डेटासेट नावाचा स्वतःचा टेप रेकॉर्डर काढला आणि आवाजाचा डिजिटल सिग्नल करणारं सर्किट त्या डेटासेटच्या आतच बसवलं. त्याच्या पोर्टला आवाज नको असतो, तयार ० किंवा ५ व्होल्ट हवे असतात. अटारीच्या ८ बिट मशीनचंही तसंच, आवाज ओळखण्याचं काम रेकॉर्डरमध्येच उरकतं. बीबीसी मायक्रो, एमएसएक्स, ओरिक, ॲपल टू, झेडएक्स ८१ ही सगळी स्पेक्ट्रमच्या बाजूची. कुठलंही जुनं मशीन हातात आलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: टेपच्या पोर्टला आवाज हवा की तयार सिग्नल?

काहीही जोडण्याआधी पॉवर सप्लाय तपासा. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतो आणि प्लगच्या मधल्या भागावर निगेटिव्ह असतं, आजच्या बहुतेक ॲडॉप्टरच्या नेमकं उलट. घरातला दुसरा कुठला तरी ॲडॉप्टर बसतोय म्हणून लावू नका. कमोडोरचा जुना सप्लाय तर त्याहून घातक. आतला रेग्युलेटर बिघडला की ५ व्होल्टची लाइन वर चढते आणि मेमरीच्या चिप जळतात, बाहेरून काही कळतही नाही. मल्टिमीटरवर ५.२५ च्या वर आकडा दिसला तर तो सप्लाय बाजूला ठेवा आणि नवीन बनावटीचा घ्या. आणि आज बरोबर आहे म्हणून उद्याही राहील असं नाही, त्यामुळे कमोडोर नियमित वापरणार असाल तर मी नवीनच घ्या म्हणेन.

आता स्पेक्ट्रम. मागे दोन जॅक आहेत, इअर आणि माइक. मोबाइलमधून लोड करताना इअरला जोडायचं. माइक हा सेव्ह करतानाचा, म्हणजे मशीनमधून बाहेर जाणारा सिग्नल. बरेच जण इथेच अडकतात, कारण नावावरून उलट वाटतं. केबल एकच लावा, दुसरी मोकळी सोडा.

गेमची फाइल टॅप किंवा टीझेडएक्स प्रकारची मिळेल. टॅपमध्ये नुसते बाइट असतात, रॉमच्या (मशीनमध्ये कायमच्या बसवलेल्या प्रोग्रॅमच्या) नेहमीच्या वेगानं लोड होणाऱ्या गेमना ते पुरतं. विकत मिळणाऱ्या बऱ्याच गेमचा मात्र स्वतःचा वेगवान लोडर असायचा. त्याची पल्सची लांबी वेगळी असते आणि ती टीझेडएक्समध्येच नीट नोंदवलेली असते. म्हणून दोन्ही मिळत असतील तर टीझेडएक्स घ्या. त्यापासून वेव्ह फाइल करा: मोनो, ४४१०० हर्ट्झ, ८ बिटही पुरे. एमपी३ करू नका आणि ब्लूटूथच्या वाटेलाही जाऊ नका.

यामागचं कारण कळलं तर बाकीच्या अडचणी आपोआप सुटतात. स्पेक्ट्रम आवाजाची पट्टी किंवा गोडवा ऐकत नाही, ते फक्त वेळ मोजतं. सिग्नल खालून वर किंवा वरून खाली गेला की एक कड झाली. एका कडेपासून पुढच्या कडेपर्यंत किती वेळ गेला, एवढंच रॉममधला प्रोग्रॅम मोजत बसतो. शून्यासाठी सुमारे २४४ मायक्रोसेकंदांचे दोन पल्स, एकासाठी ४८९ चे दोन. एमपी३ काय किंवा ब्लूटूथ काय, दोन्ही माणसाच्या कानाला फरक कळणार नाही अशा बेतानं आवाज कापतात, आणि त्यात कडा इकडेतिकडे सरकतात. कानाला गाणं तेच वाटतं, मशीनला मात्र शून्याचा एक वाटू शकतो. इक्वलायझर, बास बूस्ट, सराउंड इफेक्ट हे सगळं बंद करायचं तेही याचसाठी. मोबाइल एरोप्लेन मोडवर टाका, मधेच नोटिफिकेशन वाजली तर पाच मिनिटांचं लोडिंग वाया जातं.

केबलबद्दल एक गोष्ट. मोबाइलचा प्लग स्टिरिओ, स्पेक्ट्रमचा जॅक मोनो. साधी स्टिरिओ केबल लावली तर उजवा चॅनल ग्राउंडला शॉर्ट होतो. बहुतेकदा तरीही लोड होतं, पण मोबाइलवर विनाकारण ताण येतो. फक्त डावा चॅनल मोनो प्लगच्या टोकाला जोडलेली केबल करून घ्या.

मग मशीन चालू करा, जे ही की दाबा, अख्खा लोड शब्द पडद्यावर येईल. सिंबल शिफ्ट धरून पी दोनदा, म्हणजे दोन अवतरणचिन्हं. एंटर, आणि मोबाइलवर फाइल सुरू. आता बॉर्डरकडे, म्हणजे पडद्यावरच्या चित्राभोवतीच्या रंगीत चौकटीकडे, नीट लक्ष ठेवा, कारण सगळं निदान तिथेच होतं. सुरुवातीला पाचेक सेकंद एकसुरी पायलट टोन असतो, तेव्हा लाल आणि आकाशी रंगाचे जाड, सारख्या रुंदीचे पट्टे हळूहळू सरकताना दिसले पाहिजेत. मग क्षणभर निळे-पिवळे बारीक पट्टे येतात आणि प्रोग्रॅमचं नाव पडद्यावर उमटतं. पुन्हा दोन सेकंद लाल-आकाशी, आणि मग खरा डेटा.

पट्टे येतच नसतील तर सिग्नल पोचत नाहीये: केबल, जॅक किंवा आवाजाची पातळी. पट्टे येतात पण लाल जाड आणि आकाशी बारीक, किंवा सतत थरथरतात, तर आवाज कमी पडतोय. पायलट सुरेख दिसतो पण नाव उमटत नाही, किंवा मधेच टेप लोडिंग एरर येतो, तर आधी तीच फाइल एम्युलेटरवर (कॉम्प्युटरवर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालवून बघा. तिथे चालली तर फाइल ठीक आहे आणि दोष तुमच्या आवाजाच्या वाटेत आहे.

आवाज कमी पडणं हेच सगळ्यात जास्त वेळा आढळणारं कारण. जुन्या रेकॉर्डरचा इअरफोन जॅक स्पीकर हलवण्याइतका जोर द्यायचा, मोबाइल तेवढा देत नाही, आणि यूएसबी सी चे छोटे डोंगल तर अजूनच कमी देतात. आवाज पूर्ण वाढवा. थोडा फाटला तरी बिघडत नाही, मशीनला कडाच हव्या असतात. तरीही पुरत नसेल तर मधे लहान ॲम्प्लिफायर लावा. फक्त स्वस्त क्लास डी बोर्ड घेताना जपा: त्यातल्या बऱ्याच बोर्डांवर स्पीकरची एकही वायर ग्राउंड नसते, त्यामुळे ती सरळ स्पेक्ट्रमच्या ग्राउंडला जोडणं बोर्डाला महागात पडतं. मधे छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर टाका, किंवा साधा हेडफोन ॲम्प्लिफायर वापरा. रोज मोबाइल अडकवायचा नसेल तर टीझेडएक्सड्युइनो हे आर्डुइनोवरचं (छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या सर्किट बोर्डावरचं) उपकरण चांगलं. मेमरी कार्डावरची टीझेडएक्स फाइल ते थेट वाजवतं, वेव्ह करायचीही गरज नाही.

डिव्हएमएमसी हे मेमरी कार्डावरून गेम लोड करणारं उपकरण लावलं की गेम काही सेकंदांत येतात, हे खरं. पण तुम्ही आधी इअर जॅकनंच एखादा गेम लोड करा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. एक तर त्यात मशीनची मेमरी, रॉम आणि इनपुट यांची चांगली परीक्षा होते. दुसरं, डिव्हएमएमसी मागच्या एज कनेक्टरवर बसतं. मशीन चालू असताना ते लावलं किंवा काढलं, किंवा तिरकं बसलं, तर चिप जाऊ शकतात. जॅकमध्ये तो धोका नाही.

कमोडोरची गोष्ट लवकर संपते. मोबाइलची वायर टेप पोर्टच्या पिनांना सोल्डर करायला जाऊ नका. त्यातल्या मोटर, सेन्स आणि राइट या लाइन मुख्य प्रोसेसरच्या पिनांशी निगडित आहेत, रीडची लाइन सीआयए या इनपुट-आउटपुट सांभाळणाऱ्या चिपकडे जाते, आणि या दोन्ही चिप आता सहज मिळत नाहीत. टेपच हवी असेल तर टॅपुइनो हे डेटासेटची नक्कल करणारं उपकरण घ्या, ते पोर्टला हवा तसा तयार सिग्नल देतं. इथेही फाइलचं नाव टॅपच असतं, पण कमोडोरची टॅप आणि स्पेक्ट्रमची टॅप या पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. कमोडोरच्या टॅपमध्ये बाइट नसतात, पल्सच्या लांब्या असतात. एका मशीनची फाइल दुसऱ्याला चालत नाही.

पण कमोडोरवर मी टेपच्या मागे लागणार नाही. एसडी२आयईसी हे मेमरी कार्डावरचं उपकरण मागच्या सिरियल पोर्टला लावा, ते डिस्क ड्राइव्हसारखं वागतं. त्यातली बरीच मॉडेल टेप पोर्टमधून फक्त ५ व्होल्ट घेतात, म्हणजे ते पोर्टही कामी येतं. लोड"$",८ आणि मग लिस्ट, की यादी दिसते. लोड"*",८,१ नं पहिला प्रोग्रॅम येतो. काही गेम अडतील, कारण त्यांचे वेगवान लोडर १५४१ या कमोडोरच्या मूळ डिस्क ड्राइव्हच्या आतल्या प्रोसेसरवर स्वतःचा कोड चालवतात आणि एसडी२आयईसीमध्ये तो प्रोसेसर नाही. अशा गेमसाठी पाय१५४१ लागेल, ते अख्खा ड्राइव्ह हुबेहूब उभा करतं.

मशीनसोबत कुणाच्या हातानं नाव लिहिलेल्या जुन्या कॅसेट आल्या असतील तर त्या मात्र फेकू नका. विकलेले गेम जगभर जपलेले आहेत, पण कुणीतरी घरी बसून लिहिलेला प्रोग्रॅम बहुधा त्या एकाच कॅसेटवर असतो. चांगल्या डेकवर, हेड साफ करून, ती वेव्हमध्ये उतरवा. नॉइज रिडक्शन लावू नका, खरखर राहू द्या, आणि मूळ रेकॉर्डिंग तसंच ठेवून दुरुस्तीचे प्रयोग प्रतीवर करा.