मुद्दा म्हणजे वाक्य

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. नववीच्या दोन तुकड्या, ११२ वह्या आणि पहिल्याच चाचणीला निबंध ‘मोबाईल : शाप की वरदान’. बहुतेकांनी ‘आजचे युग हे विज्ञानयुग आहे’ अशी सुरुवात केली आणि ‘प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात’ असा शेवट केला. ते वाचून तू रडकुंडीला आलीस आणि ‘या मुलांना लिहिताच येत नाही’ असं मला लिहिलंस. ते वाक्य तेवढं मागे घे. आपण शिकवलं तेच मुलांनी लिहिलंय.

आपण काय शिकवतो ते आठव. फळ्यावर विषय लिहायचा, खाली एकाखाली एक : प्रस्तावना, महत्त्व, फायदे, तोटे, उपसंहार. मुलं ते वहीत उतरवून घेतात आणि आपल्याला वाटतं, मुद्दे दिले. पण या मिसळणाच्या डब्यातल्या रिकाम्या वाट्या झाल्या. त्यात हळद नाही, मोहरी नाही. मूल घरी जातं, गाईड उघडतं आणि तिथलं घेऊन वाट्या भरतं. दुसरं काय करणार?

मुद्दा म्हणजे पूर्ण वाक्य, हे तू वर्षाच्या पहिल्याच तासाला मुलांना सांग. त्यात क्रियापद हवं, आणि ते ऐकून वर्गातल्या कुणाला तरी ‘नाही हं बाई, मला नाही तसं वाटत’ असं म्हणावंसं वाटायला हवं. ‘फायदे’ या शब्दाशी कोण वाद घालणार? ‘मोबाईलचा खरा फायदा म्हाताऱ्या माणसांना होतो’ म्हणून बघ, दहा हात वर येतात.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी हाच विषय मी नववीला दिला होता. कुणाला शाप आणि कुणाला वरदान, एवढंच विचारलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘आजीला वरदान, मला शाप.’ वर्ग हसला. मी त्याला फळ्यापाशी बोलावलं आणि कारण लिहायला सांगितलं. त्यानं लिहिलं : ‘आजी साताऱ्याला एकटी असते, तिला रोज आम्ही दिसतो.’ खाली लिहिलं : ‘मी रात्री बारापर्यंत जागतो आणि सकाळी शाळेत झोपतो.’ मी विचारलं, ‘अरे, दोघांच्या हातात फोनच आहे ना? मग फरक कशानं पडला?’ तो खडू घेऊन उभा राहिला. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही, आणि मीही घाई केली नाही. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘बाई, आजीचं बोलणं संपतं. संपलं की ती ठेवते. आपलं संपतच नाही.’

तिसरं वाक्य मिळालं. त्या तीन वाक्यांत निबंध उभा होता. प्रत्येक वाक्याचा एक परिच्छेद करायचा, आणि त्यात त्या वाक्याला पुरावा म्हणून जे दिसलं, ऐकलं, घडलं ते लिहायचं. आजी चष्मा पुसून मगच फोन उचलते, हे त्या मुलानं नंतर आपण होऊन लिहिलं. कुठल्या गाईडात मिळालं असतं ते?

या तीन वाक्यांना एक क्रमही आहे, इकडे लक्ष दे. आजीचं आधी, ‘पण’ माझं असं, ‘म्हणून’ फरक फोनमध्ये नाही, संपण्यात आहे. मुलांना परिच्छेदांच्या मध्ये कोणता शब्द बसतो ते शोधायला लाव. दर वेळी ‘शिवाय’, ‘तसेच’, ‘त्याचप्रमाणे’ बसत असेल तर ती यादी झाली, वाण्याकडे न्यायची. ‘पण’, ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘कारण’ यांतला एखादा बसला की समज, विचार पुढे सरकला. नववीतल्या मुलाला बांधणी म्हणजे काय ते सांगायचं, तर माझ्या मते एवढं पुरे.

ते डोळ्यांना दिसावं म्हणून मी कात्री वापरायचे. वहीतलं पान नको, मुलांना वाईट वाटतं. निबंध वेगळ्या कागदावर लिहून घ्यायचा. मग परिच्छेद कापायचे, पट्ट्या पिसायच्या आणि शेजारच्या बाकाला द्यायच्या, ‘लावा बरं पुन्हा.’ निबंध बांधलेला असेल तर पट्ट्या आपापल्या जागी बरोबर लागतात, कारण ‘म्हणून’नं सुरू होणारी पट्टी पहिली येऊच शकत नाही. कशाही लावल्या तरी चालत असेल तर लिहिणाऱ्यालाच ते कळतं, आपल्याला लाल पेन उचलावं लागत नाही. एक तास जातो. पोर्शन मागे पडला तरी हा तास सोडू नकोस.

आत्मकथनाचं तू विचारलं आहेस. ‘मी मुठा नदी बोलतेय’ दिलं की सगळ्या नद्या सह्याद्रीत उगम पावतात, खडकवासल्याला अडतात, संगमावर मुळेला मिळतात आणि शेवटी प्रदूषणाबद्दल रडतात. भूगोल बरोबर आहे, पण नदीला काही म्हणायचंच नाही. तिथेही आधी वाक्य माग. एका मुलीनं मला दिलं होतं : ‘पुणेकरांना मी दोनदाच दिसते, पुरात आणि गणपतीत.’ मग उगमापासून सुरू करायची गरजच उरली नाही. ती सरळ १२ जुलै १९६१ ला, पानशेत धरण फुटलं त्या दिवसाशी गेली, तिथून विसर्जनाच्या घाटावर, आणि मग उरलेल्या वर्षाकडे, जेव्हा लोक पुलावरून नाक दाबून जातात. पाणी सोडलं आणि भिडे पूल बुडाला की लोक फोटो काढायला येतात, हेही तिनं घातलं. आधी वाक्य हाती आलं, म्हणून कोणती माहिती घ्यायची आणि कोणती टाकायची हे तिला समजलं.

प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहू दे. घर बांधल्याशिवाय तोरण कुठे बांधणार? परीक्षेत जागा सोडायची धास्ती वाटत असेल तर मुलांनी पहिली पाच मिनिटं उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं तीन वाक्यं लिहावीत आणि मगच सुरुवात करावी. पाच मिनिटं फुकट जातील ही भीती तुझी आहे, मुलांची नाही.

आता एक गोष्ट सांगते, ती मी फार थोड्यांना सांगितली आहे. नोकरीचं माझं तिसरं वर्ष होतं, विषय ‘पाणी हेच जीवन’. एका मुलीनं सुरुवात केली होती, ‘आमच्याकडे टँकर मंगळवारी येतो. त्या दिवशी आई कामाला जात नाही.’ मी त्यावर लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘प्रस्तावना नाही. विषयाला धरून लिहा.’ पुढच्या निबंधात तिनं सुविचारानं सुरुवात केली. त्याच्या पुढच्यातही. दहावीपर्यंत ती तशीच लिहीत राहिली, स्वच्छ, बिनचूक, आणि तिच्या घरातलं एक वाक्य मला पुन्हा वाचायला मिळालं नाही. मी गुण मात्र वाढवत गेले. त्या दोन वाक्यांत ‘म्हणून’ होता, निबंध तिथेच सुरू झाला होता, आणि मला तो दिसला नाही. तुझ्या ११२ वह्यांतही अशी एखादी रेघ तुझ्या हातून गेली असेल. पुन्हा चाळून बघ.

आपल्याच गावातली एक मुलगी आठव. मुक्ता साळवे, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी, चौदाएक वर्षांची. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तो वर्गात मोठ्यानं वाच. धर्मग्रंथ वाचायचाही अधिकार आम्हाला नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असं ती विचारते. मुलांना त्यातले ‘जर’, ‘तर’, ‘म्हणून’ शोधायला सांग. तिच्यासमोर गाईड नव्हतं आणि वाट्याही नव्हत्या. तिला जे म्हणायचं होतं, त्यानंच तिच्या परिच्छेदांना क्रम दिला. आपल्या नववीच्या मुलांच्याच वयाची होती ती, हे त्यांना जरूर सांग.

तपासण्याबद्दल थोडक्यात. एका निबंधात एकच गोष्ट तपास, आणि कोणती ते मुलांना आधी सांग. या वेळी फक्त वाक्यातला मुद्दा, पुढच्या वेळी जोडशब्द, त्यानंतर ऱ्हस्व-दीर्घ. सगळी वेलांटी-उकार एकाच दिवशी लाल केलेस तर मूल वही मिटून ठेवतं, वाचत नाही. समासात शेरा लिहिण्यापेक्षा प्रश्न लिही : ‘असं का?’, ‘हे कधी झालं?’, ‘पुढे?’ उत्तर त्यांनी खालीच दोन ओळींत द्यायचं. ‘छान’ लिहायचं असेल तर नेमक्या कोणत्या ओळीला, ते अधोरेखित करून लिही.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की इकडेच ये, जेवायलाच. वह्यांचा गठ्ठा नको, पाच आण, आणि त्यात तुला सगळ्यात कंटाळवाणी वाटलेली वही नक्की असू दे. तिच्यात एखादं तरी वाक्य सापडतं का, ते आपण दोघी बघू. कात्री माझ्याकडे आहे.

तुझ्या,
बाई